पदराआडचा गाल

ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सहीसाठी उघडलेलं पेन कृष्णातनं पुन्हा बंद केलं. आईला मुंबईलाच न्यायचं, हे त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं.

धोंडुबाई डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवरून हलल्या नाहीत. चौऱ्याहत्तर साली गालाच्या कॅन्सरवर त्यांना किरणांचा शेक दिला होता. कॅन्सर गेला. पुढं त्या शेकलेल्या जबड्यातली एक दाढ कुणीतरी उपटली आणि ती जखम भरलीच नाही. हाड आतून कुजत गेलं. वर्षभर बाई पेजेवर होत्या. आता मेलेलं हाड कापून काढायचं होतं. थोडं जरी मागं राहिलं, तरी पुन्हा कुजणार होतं. बाईंचा हट्ट एकच. कापायचं ते कोल्हापुरात, आणि डॉक्टर शिकलगारांनीच.

नेमकं शिकलगारांनाच ते नको होतं. ती दाढ त्यांनीच उपटली होती. तेव्हा दवाखाना नवा होता, बाहेर गर्दी होती. मुरगूडहून बाईंना घेऊन सासरे आले होते, म्हणून बाईंच्या गालावर पदर. तोंड उघडण्यापुरता तो सरकला, तेवढाच. आधी काही आजार होता का, हे डॉक्टरांनी विचारलं, तेही सासऱ्यांना. घरात नातीच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. म्हाताऱ्यानं कॅन्सरचं नाव गिळलं. पदर बाजूला केला असता, तर शेकानं काळवंडलेली कातडी तिथंच दिसली असती आणि डॉक्टरांनी त्या दाढेला हात लावला नसता. सासऱ्यांची अब्रू राहिली, सुनेचा जबडा गेला.

बाईंनी आपल्याला ओळखलेलं नाही, असं डॉक्टर इतके दिवस धरून चालले होते. आज त्यांना ते सोसेना. औषधांची चिठ्ठी देऊन त्यांनी कृष्णातला बाहेर पाठवलं आणि दार लावलं.

“बाई, ती दाढ मीच काढली होती. तुम्हाला काही न विचारता. तुम्ही मुंबईलाच जा.”

धोंडुबाईंनी गालावरचा पदर खाली घेतला. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि मुलानं सोडलेल्या कागदावर स्वतःच दाबला. मग कागद डॉक्टरांपुढं सरकवला.

“म्हाईत हाय मला. म्हणून तर तुमच्याकडंच आलोय. दुसरा कुणीबी हाड कापंल, पर तुमी तसूभर मागं ठेवणार न्हाईसा.”