दोघांनाही यू

"मालकाला बी यू आन् गड्याला बी यू? छापणाऱ्याचं चुकलंय!" पंडितनं निकाल देऊन टाकला.

साल ब्याऐंशी. वालूरच्या शाळेत सातवीचा इंग्रजीचा तास चालू होता. बन्सीधर सर परभणीहून नवं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि आल्याआल्या त्यांनी वर्गाचे तिघातिघांचे गट पाडले होते. धड्यातला मालक आणि गडी यांचा संवाद गटानं वाचायचा, आपसांत बोलून मराठीत आणायचा आणि वर्गापुढं म्हणून दाखवायचा. सर नुसते फिरणार.

पंडित हा व्यंकटरावांचा धाकटा. सुग्रीवचा बाप त्यांच्याच शेतात सालगडी. त्यामुळं मालक कोण आणि गडी कोण, हे ठरवायला गटाला काही वेळ लागला नाही. तिसरी कोकिळा. पोरांच्यात बसवलं म्हणून आधी अंग चोरून बसली होती; आता पुस्तकावर बोट ठेवून एकेक ओळ चाचपत होती.

"चुकलं न्हाई," ती म्हणाली. "मागच्या धड्यात राजा शिपायाला यू म्हनतो. शिपाई बी राजाला यूच म्हनतो."

सुग्रीवनं पानं उलटून पाहिली. खरंच की! त्याला मोठी गंमत वाटली. व्यंकटरावांच्या घरात एक कुत्रं सोडलं तर तो सगळ्यांना 'तुमी' म्हणे. त्याला मात्र सगळं गाव 'तू' म्हणे. आणि या इंग्रजीला त्याचा काही पत्ताच नाही!

"सोप्पं हाय," पंडित म्हणाला. "मराठीत मालक 'तू' म्हनंल, गडी 'तुमी' म्हनंल. लिव."

कोकिळाची पेन्सिल हलली नाही. "शब्द येकच हाय, मग लिवायचं बी येकच. दोघं बी तू, न्हाई तर दोघं बी तुमी."

पंडितनं सरांना हाक मारली. सरांनी ऐकून घेतलं, मिशीतल्या मिशीत हसले. "गटात ठरवा," म्हणाले आणि पुढं गेले.

"तुला काय वाटतंय रे?" पंडितनं सुग्रीवला दरडावलं.

सुग्रीवनं पुस्तकात डोकं घातलं. ही गोष्ट घरी गेली तर बाप पाठ सोलून काढील. पण ओळ तर समोर छापलेली होती. "पुस्तकात जसं हाय तसं," तो हळूच म्हणाला. "तुमी म्हनाल ते, पंडितराव. तू तर तू."

तो 'तू' कानावर पडला आणि पंडितला घाम फुटला. सगळ्या वर्गापुढं हा आपल्याला 'तू' म्हणणार! दोन्हींतलं कमी लाजेचं कोणतं, याचा विचार करत तो नखं कुरतडत राहिला. मग कोकिळाच्या कानात काहीतरी पुटपुटला. तिनं ते गंभीरपणे लिहून घेतलं.

त्यांची पाळी आली. पंडित कमरेवर हात ठेवून, मान ताठ करून उभा राहिला. थेट व्यंकटरावांचा आवाज काढून तो गरजला, "कुठं व्हता तुमी? कवाधरनं हाका मारायलोय तुमाला!"

सुग्रीवला उत्तर तोंडपाठ होतं. पण त्यानं आधी मागं वळून पाहिलं, कुणाला म्हणायलाय म्हणून.