डावा डोळा

समुद्र बघून झाला, दीपगृहासमोर फोटो काढून झाले, वाळूत उंटावरही बसून झालं. कोकणात उंट कुठून आला, हे कोणी विचारलं नाही. मग माया मला ‘अस्सल कोकणी हस्तकला’ अशी पाटी लावलेल्या दुकानात घेऊन गेली. फळीवर शिंपल्याच्या रंगाची, तळहाताएवढी कासवं मांडलेली.

“गावातल्या बायका घरी बसून बनवतात,” दुकानदार म्हणाला.

मायाने एक उचललं. “याचा डावा डोळा खाली आलाय.”

“ताई, हाताचं काम आहे. मशीनचं असतं तर दोन्ही डोळे सरळ आले असते.”

मायाला ते एकदम पटलं. “बघ रत्नदीप, याला कला म्हणतात. नाहीतर तू. वागळे इस्टेटच्या कारखान्यात दिवसभर मशीनसमोर उभा असतोस.”

मी बाकीची कासवं बघितली. सगळ्यांचा डावाच डोळा खाली होता, आणि अगदी सारखाच खाली. याच डोळ्यावरून शुक्रवारी साहेबांनी मला सगळ्या कामगारांसमोर झापलं होतं.

मी खिशातून पाकीट काढलं. मायाने आईसाठी एक, शेजारच्या केशरबाईंसाठी एक आणि आमच्या टीव्हीवर ठेवायला एक अशी कासवं घेतली.

सोमवारी कामावर गेलो, तर साहेबांनी कासवाची डाय, म्हणजे साचा, दुरुस्तीला काढून ठेवलेली.

“राहू द्या साहेब,” मी म्हटलं. “दुरुस्त केली तर मशीनने बनवल्यासारखं दिसेल.”