खिळ्यावरचा निळा कप

"पत्र्याचा निळा कप बाहेरच्या खिळ्यावरच राहू दे, एते. आपल्या कपांत मिसळू नकोस. वचन दे." मरताना आई एवढंच बोलली होती.

एतेलाने वचन दिलं होतं. मागच्या दाराबाहेर, सरपणाच्या वर, तो अजून लटकत होता.

"कुणाचा हो तो?" उघड्या दारातून पाहत व्हावरेकसाहेबांनी विचारलं.

"ओढ्यापलीकडच्या रोमा वस्तीतली माणसं लाकडं फोडायला यायची, त्यांचा. आई त्यांना जिप्सी म्हणायची. तेव्हाची रीत ती. आता आपली आठवण."

तिने सोनेरी काठाच्या कपात कॉफी ओतली, खसखशीच्या रोलचा जाड तुकडा कापला. हा कप फक्त साहेबांसाठी निघायचा. जनमताच्या पाहणीचे कागद घेऊन ते दर दहा वर्षांनी कोशित्से शहरातून यायचे. ही तिसरी खेप. या पाहणीनंतर तर निवृत्त होऊन ते इथे राहायलाच येणार होते. त्यांनी पत्रातून पुढची खोली मागितली होती. नवरा गेल्यापासून मुक्या झालेल्या घरात कुणी बोलणारं येणार, म्हणून एतेलाने पडदे धुतले होते, भिंतींना चुना दिला होता.

"शेवटचा प्रश्न. रोमा माणूस शेजारी राहायला आला तर चालेल?"

"माझी उत्तरं तर तुम्हाला पाठ असतील."

"पहिल्यांदा म्हणालात, ओढ्यात जीव देईन. दुसऱ्यांदा म्हणालात, बघू."

"तेही लिहून घेतलंत? लबाड आहात!" ती हसली. "आता लिहा, चालेल. शेजारी कशाला, घरात राहू दे. माणसंच ना ती?"

ती मनापासून बोलली होती.

व्हावरेकसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

"मग किल्ली देण्याआधी ऐका, एतेलाबाई. माझी आई त्या वस्तीतली. मी आठ वर्षांचा असताना आम्ही शहरात गेलो, आडनाव बदललं. बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही मी."

एतेलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"एवढंच ना? मला वाटलं, काही आजारबिजार आहे की काय! खोली तुमचीच." तिने किल्ली त्यांच्यासमोर सरकवली.

साहेबांना रडू आवरेना. "वीस वर्षं या टेबलाशी बसून घाबरत होतो हो, बाई."

"पुसा ते डोळे. कॉफी गार झाली. दुसरी आणते."

तिने सोनेरी काठाचा कप दोन बोटांनी उचलला, मागच्या दाराबाहेर जाऊन आवाज न करता राखेच्या बादलीत सोडला, आणि खिळ्याकडे हात नेला.