हव्वेचं दार

नाईलकाठच्या आमच्या गावात खुनाचा सूड टळायचा असेल, तर खुन्यानं स्वतःचं कफन दोन्ही हातांवर घेऊन, अनवाणी, मेलेल्याच्या दारात जायचं. मारायचं की सोडायचं, ते त्या घरानं ठरवायचं.

सिदराक तसाच आला. शेताच्या पाण्यावरून त्यानं वनीसच्या डोक्यात फावडं घातलं होतं. दारात वनीसची आई बसली होती. तिच्यामागे वनीसचा मेव्हणा बंदूक घेऊन उभा.

चर्चचे धर्मगुरू, अबूना, म्हणाले, "बाई, ख्रिस्तानं क्षमा करायला सांगितलंय."

"ख्रिस्त मागाहून, अबूना. आधी पहिलं पुस्तक उघडा. क्रूस मुळात लागला कशाला, ते तिथंच लिहिलंय."

अबूनांनी बायबलातलं उत्पत्तीचं पान काढलं. हव्वेच्या थोरल्यानं, काइनानं, भावाला शेतात मारलं, इथवर वाचून ते पुस्तक मिटू लागले.

"थांबू नका. काइनाला कुणी मारू नये म्हणून देवानं त्याच्यावर खूण केली, ते मोठ्यानं वाचा. या बंदूकवाल्याला ऐकू दे."

त्यांनी वाचलं. तिनं सिदराकचं उजवं मनगट उलटं केलं. आत लहानपणी गोंदलेला निळा क्रूस होता. बराच वेळ ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग त्याच्या हातांवरचं कफन उचलून तिनं आपल्या मांडीवर घेतलं.

"बंदूक खाली कर, बाबा. दोघांचे क्रूस मीच गोंदवून आणले होते, एकाच दिवशी. हव्वेला तेव्हा दोनच मुलगे होते. मलाही दोनच."