पुढच्या वर्षासाठी

कुलूप जसंच्या तसं होतं. फक्त दारं पुस्तकांच्या कपाटाला नव्हती. बिजागऱ्यांपासून निघालेली दोन्ही दारं कुलपासकट भिंतीला टेकून उभी होती आणि आई खुर्चीत बसून वाचत होती.

मुलगी नुकतीच औषधांच्या दुकानातून कामावरून परतली होती. कपाटाची किल्ली अजून तिच्या पर्समध्येच होती.

“हे कोणी केलं?”

“सुताराने. मीच बोलावलं होतं.” आईने पान उलटलं. “कुलपाला हात लावू नकोस म्हटलं त्याला. ते तुझं आहे.”

आई छत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. छापलेली चूक तिला घासातल्या खड्यासारखी लागायची. मुलीच्या लग्नाची पत्रिका तिने दोनदा परत पाठवली होती. नंबर येईपर्यंत दोन प्रकरणं वाचून होतात म्हणून ती मुद्दाम गर्दीच्या दवाखान्यात जायची. नवं पुस्तक हाती आलं की आधी मधोमध उघडून नाकाला लावायची. कोणी वाचायला मागितलंच तर त्याला प्रेमाने चहा पाजायची आणि पुस्तक द्यायची नाही.

तिच्या डाव्या डोळ्याला आता मधोमध काळा डाग दिसत होता. उजव्यातही तोच आजार शिरला होता. दहा-बारा महिन्यांत अक्षरं दिसेनाशी होतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. जाता जाता ते म्हणाले, “डोळ्यांना फार ताण देऊ नका.” मुलीने तेवढंच धरून ठेवलं. आईला कपाटासकट आपल्या घरी आणलं. आधी समजावलं, मग भिंग लपवलं, मग कुलूप आणलं.

“राहिलेला डोळा तरी वाचवायचा ना, आई?”

“वाचायचंच नसेल तर डोळा वाचवून काय करू? भिंती बघत बसू?”

मुलगी त्या रात्री जेवली नाही. आई व्यवस्थित जेवली.

दुसऱ्या दिवसापासून आईने नवंच काढलं. सकाळी दहा वाजता ती खोलीत जायची आणि आतून कडी लावून घ्यायची. दुपारी जेवायला तेवढी बाहेर यायची. मग पुन्हा कडी, ती थेट पाचपर्यंत. कुठून तरी तिने दुसरं भिंगही पैदा केलं होतं. डोळे लाल व्हायचे. आठवड्याभरात घसाही बसला. ती गरम पाण्याचा थर्मास आत न्यायला लागली.

सुट्टीच्या दिवशी मुलगी दाराला कान लावायची. आतून आईचं वाचणं ऐकू यायचं. एकच वाक्य दोनदा, तीनदा. मध्येच “छे”. मग परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून. आईला आता ओळीसुद्धा सापडत नाहीत, असं मुलीला वाटायचं. जावई म्हणाला, “त्यांना हवं ते करू दे ना.” ती त्याच्याशीही दोन दिवस बोलली नाही.

असे दोन महिने गेले. मग एका सुट्टीच्या सकाळी तिला राहवलं नाही. तिने दोन्ही हातांनी दार धडधडवलं.

आईने कडी काढली.

“आणखी किती दिवस चालणार आहे हे?” मुलगी उंबऱ्यातूनच बोलायला लागली. “आंधळं व्हायची घाई झालीय का तुला? माझा जीव इथे टांगणीला लागलाय आणि तू...”

बोलता बोलता तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. दिवा होता. भिंग होतं. पुस्तक उघडं होतं. पुस्तकाच्या मागे, पाण्याच्या पेल्याला टेकवून, आईचा मोबाइल उभा होता. त्यावर एक लाल ठिपका लुकलुकत होता.

“हे काय आहे? कुणासाठी वाचतेयस?”

“माझ्यासाठी,” आई म्हणाली. “पुढच्या वर्षी मला दिसणार नाही, तेव्हा ऐकायला. एकोणीस पुस्तकं झाली. बावीस राहिलीत. डोळा आहे तोवर उरकायचीत.”

मुलगी पलंगाच्या कडेवर बसली.

“मी वाचून दाखवीन की,” ती कशीबशी म्हणाली. “रोज दाखवीन. मी आहे ना, आई.”

“तू जोडाक्षरं गिळतेस,” आई म्हणाली. “आता जा आणि दार लाव. रेकॉर्डिंग चालू आहे.”

मुलगी बाहेर आली. तिने जाऊन टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तिने घशाच्या गोळ्या आणल्या आणि थर्मासशेजारी ठेवल्या. त्यानंतर दहा ते पाच त्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही.

पुढच्या वर्षी अक्षरं गेली. आईला खिडकीची चौकट दिसायची, माणसं हललेली दिसायची, पान दिसायचं नाही. ती खुर्चीत बसून स्वतःचाच आवाज ऐकायची. एखादा उच्चार चुकला असला तर स्वतःवरच चिडायची.

एका संध्याकाळी मुलगी तिचे केस विंचरत होती. विसावं पुस्तक चालू होतं. ऐन रंगलेल्या प्रकरणात दार धडधडलं. कडी निघाली. भांडण झालं. मग पलंग करकरला. आणि मग एक रडवेला आवाज: “मी आहे ना, आई.”

मुलगी ओशाळली. तिने कंगवा खाली ठेवला आणि मोबाइलकडे हात नेला.

“तेवढा भाग काढून टाकते. उगाच मध्ये गोष्ट तुटते.”

आईने चाचपडत मोबाइल उचलला आणि मुठीत घट्ट धरला.

“हात लावशील तर बघ,” ती म्हणाली.