खंडेनवमीची वाढ

फकीरप्पा बडिगेरनं थोरली लेक सवदत्तीला दिली, त्या वर्षीची खंडेनवमी. हुबळीच्या कोट्रप्पा शेट्टरांच्या फाउंड्रीत सकाळीच मशिनी धुऊन झाल्या होत्या. सगळ्यांवर विभूतीचे पट्टे, झेंडूच्या माळा. दारात कोहळा फुटला आणि आरती संपली.

त्या कारखान्याची एक रीत होती. वर्षाची पगारवाढ खंडेनवमीलाच मिळायची. धनी वाढीचं पाकीट विड्याच्या पानावर ठेवून ज्याच्या त्याच्या हत्यारापुढे मांडायचे. आरती झाली की माणसानं ते उचलून कपाळाला लावायचं. पूजेत मांडलेलं ते देवीचं झालं. कुणी ते उचललं नाही असं आजवर घडलं नव्हतं.

फकीरप्पाचं पाकीट त्याच्या रंध्यापाशी तसंच पडून होतं.

साचे करणाऱ्या खात्यात सगळ्यांना दोनशे रुपयांची वाढ होती. पण हातात साडेतीनशे जास्त येणार होते, कारण पगार एकवीस हजारांच्या वर गेला की ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, पैसे कापणं बंद होतं. माणसं खूश होती. हणमंतानं तर रविवारच्या मटणाचा बेतही ठरवून टाकला.

शेजारच्या टेबलावरचा दस्तगीर कोपरानं ढोसत म्हणाला, "उचल की, अण्णा. देवी काय दिवसभर उभी राहणार आहे?"

फकीरप्पानं हात मागं बांधले.

त्याच्या बायकोचं, निंगव्वाचं, रक्त आठवड्यातून दोनदा मशिनीवर धुवावं लागे. ते ईएसआयच्या कार्डावर होत होतं. पैसे कापणं बंद म्हणजे पुढं कार्डही बंद. बाहेर एका खेपेला दोन हजार पडत. मोठ्या सरकारी इस्पितळात त्यानं नाव घालून ठेवलं होतं, तिथं रांग हलत नव्हती. आणि पन्नास रुपये एकवीस हजारांच्या पलीकडे गेल्याबरोबर हा माणूस सरकारच्या लेखी श्रीमंत झाला होता.

कोट्रप्पा शेट्टर पेढ्यांचं ताट घेऊन आले. पडलेलं पाकीट बघून थांबले.

"धनी, मला शंभरच द्या," फकीरप्पा म्हणाला. "शंभरांत मी आत राहतो. घरात आजारी माणूस आहे, तुम्हाला ठाऊक आहे."

शेट्टर आजूबाजूला बघून हसले. कमी करून मागणारा गडी आपण पहिल्यांदाच बघतोय, असं म्हणाले. दोघेतिघे हसले. मग त्यांनी समजावलं, की एकाला शंभर आणि दुसऱ्याला दोनशे असं करता येत नाही, उद्या चौघे दारात उभे राहतील. आणि लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. प्रत्येक गड्यामागं ते स्वतः महिन्याला जवळजवळ सातशे रुपये ईएसआयला भरत होते, ते आता भरावे लागणार नव्हते. तुमचेही राहतात, माझेही राहतात, कायद्यातच तसं आहे, यात चोरी कुठली?

फकीरप्पाचा आवाज चढला नाही. पण कानशिलं लाल झाली.

"गेल्या दसऱ्याला पाचशे मागितले, तेव्हा कारखाना तोट्यात होता, धनी. आज मी नको म्हणतोय, तर द्यायलाच पाहिजेत?"

कुणी हसलं नाही. हणमंता मात्र वैतागला. एकट्याच्या घरासाठी सगळ्यांची वाढ बुडवतोस काय, लक्ष्मी लाथाडू नये, असं काहीबाही तो बोलला. दस्तगीरनं त्याला गप्प केलं. पण दस्तगीरचंही पाकीट खिशात गेलेलं होतं, आणि ते त्यानं बाहेर काढलं नाही.

"पूजेचं आहे, फकीरप्पा. परत जात नसतं," शेट्टर म्हणाले. त्यांनी ताट दस्तगीरच्या हाती दिलं. पानावरचं पाकीट उचललं, आधी स्वतःच्या आणि मग फकीरप्पाच्या कपाळाला लावलं, आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात सारलं. वरून खिशावर दोनदा थोपटलं, लहान पोराला खाऊ दिल्यासारखं. मग पेढा त्याच्या तोंडाशी नेला.

फकीरप्पानं तोंड उघडलं नाही. शेट्टर हात तसाच धरून उभे राहिले. मग पेढा त्यांनी रंध्यावर ठेवला आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

आधी कापलेल्या पैशांवर कार्ड पुढच्या जूनअखेरपर्यंत चाललं. त्यानंतर फकीरप्पाला बायकोला आठवड्यातून दोनदाऐवजी एकदाच नेणं जमलं, तेही दोन पाळ्या करून. निंगव्वा त्याच श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, घरीच वारली.