अळणी डबा

“एकशे अकरा डबे,” सुपरवायझर केबिनच्या दारातून म्हणाला. “त्यातला एक अळणी.”

आचाऱ्याच्या जिवात जीव आला. अर्ध्या तासापूर्वी रेडिओवर सांगितलं होतं, अपहरणकर्त्यांनी सकाळी एका प्रवाशाला गोळी घातली, नाव अजून कळलेलं नाही. तेव्हापासून विमानतळाच्या त्या स्वयंपाकघरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, कारण विमानात आचाऱ्याचे वडील होते. आता अळणी डबा मागितलाय म्हणजे बाबा आहेत. म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी बाप गेला. त्याला आनंद झाला आणि त्या आनंदाची शरमही वाटली. पण भाताला वाफ आली होती, त्याने झाकण काढलं.

विमान आदल्या दिवशी सकाळी इथूनच उडालं होतं. दुपारी बंदूकवाल्यांनी ते परत इथंच उतरवलं आणि धावपट्टीच्या पार टोकाला उभं केलं. त्यांच्या मागण्या काय होत्या ते वरच्या लोकांना ठाऊक. स्वयंपाकघराला फोनवर फक्त आकडा कळायचा. तेवढे डबे भरायचे, रिवाजाप्रमाणे वर चार जास्तीचे घालायचे. ते न्यायला एकाच माणसाला परवानगी होती. सुपरवायझर पांढरा शर्ट घालून एकटा गाडी घेऊन जायचा, डबे शिडीशी ठेवायचा, तासभर थांबून रिकामे डबे घेऊन परत यायचा.

बाबांना विमानात बसायचंच नव्हतं. “रेल्वेनं दोन दिवसांत पोचतो की लेकीकडे. मला कसली घाई?” ते म्हणाले होते. पण आचाऱ्याला सवलतीचं तिकीट मिळत होतं. ते त्यानेच हट्टाने काढलं आणि त्यावर अळणी जेवणही त्यानेच लिहून दिलं. बाबांच्या हृदयाला मीठ चालत नव्हतं आणि बाबांना अळणी चालत नव्हतं. घरात रोज ताटावरून भांडण व्हायचं. बाबा अर्धा भात टाकून उठायचे आणि हा त्यांना डॉक्टरचा कागद दाखवायचा.

निघायच्या सकाळी बाबा नवा शर्ट घालून स्वयंपाकघरात डोकावले होते. सुपरवायझरला सगळे पाठीमागे मिठागर म्हणत, कारण तो कलिंगडावरसुद्धा मीठ भुरभुरायचा आणि खिशात मिठाच्या पुड्या घेऊन हिंडायचा. त्याचं आणि बाबांचं तिथल्या तिथे जमलं. “तुमचा हा माणूस मला अळणी खायला घालून मारणार बघा,” बाबा म्हणाले. “परत आलात की माझ्याकडे जेवा,” मिठागर म्हणाला. “ह्याला पत्ता लागू द्यायचा नाही.” दोघं पोरांसारखे हसले होते.

सगळ्यांनी आचाऱ्याला सांगून पाहिलं की घरी जा, नाहीतर नातेवाइकांच्या हॉलमध्ये तरी बस. तो हलला नाही. तिथे हात चोळत बसून काय होणार होतं? इथून निदान बाबांच्या पोटात चार घास जात होते. बहिणीचा फोन आला की तो म्हणायचा, “डबा मागवलाय गं. जेवतायत.” आणि ती पलीकडून रडत रडत बरं म्हणायची.

त्या संध्याकाळीही अळणी डबा मागवला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीही. प्रत्येक वेळी अळणीचा निळ्या पट्टीचा डबा रिकामा परत यायचा. भांडी घासणाऱ्या मावशी तो मुद्दाम आचाऱ्याला आणून दाखवायच्या. “बघा, चाटूनपुसून खाल्लंय तुमच्या बाबांनी.” एक शीत उरलेलं नसायचं. जन्मभर अळणी भाताला नाक मुरडणारा माणूस मुकाट्याने सगळं खातोय, हे बघून आचाऱ्याला वाटायचं, किती घाबरले असतील, म्हणजे टाकायचंसुद्धा सुचत नाही त्यांना.

मिठागराचं मात्र जेवणाकडे लक्ष नव्हतं. एरवी पंगतीला पहिला बसणारा माणूस, कालपासून सगळ्यांबरोबर जेवला नव्हता. “पित्त झालंय,” म्हणायचा आणि केबिनचं दार लावून घ्यायचा. इतका ताण, इतक्या खेपा, पित्त होणारच, असं सगळे म्हणाले.

त्या दुपारी पुन्हा अळणी डबा भरताना आचाऱ्याचा हात थांबला. कसला डॉक्टर आणि कसला कागद. त्याने मिठाची एक पुडी घेतली, भाताखाली दडवली आणि झाकण लावलं. “खा बाबा आज,” तो डब्याला म्हणाला. मावशींनी तोंड फिरवून पदराने डोळे पुसले.

तासाभराने गाडी परत आल्याचा आवाज आला, पण मिठागर उतरेना. आचाऱ्याला धीर धरवला नाही. बाबांना पुडी सापडली का, एवढंच त्याला बघायचं होतं. तो मागे गेला आणि त्याने गाडीचं दार उघडलं.

मिठागर आत एका उपड्या क्रेटवर बसला होता. मांडीवर निळ्या पट्टीचा डबा. तोंडात भाताचा घास होता आणि तो त्याला गिळवत नव्हता.



“काल सकाळीच गेले रे,” घास कसाबसा खाली ढकलून मिठागर म्हणाला. “सकाळच्या खेपेला शिडीशी मीच चादर घातली त्यांच्यावर. तुला सांगायला प्रत्येक खेपेला तोंड उघडलं आणि तोंडातून अळणी डबाच निघाला.”

आचाऱ्याने डब्यात पाहिलं. दोन घास उरले होते. मग त्याने मिठागराची डावी मूठ हळूच उलगडली.

आत मिठाची पुडी होती. ती फोडलेली नव्हती.